टँकर न आलेला रविवार

काल सांगलीत नातीचा बाप्तिस्मा झाला. नळाच्या पाण्याला वासच नव्हता, म्हणून दुष्काळी जतचा, लहानपणीचा तो रविवार आठवला.

त्या दिवशी धाकट्या भावाचा बाप्तिस्मा होता आणि टँकर आलाच नव्हता. चर्चचे पाळक म्हणाले, "पुढच्या रविवारी करू." आई घरी गेली आणि माठाच्या तळाचं पाणी तांब्यात घेऊन आली. गढूळ, मातीच्या वासाचं.

"आवं, देव दिल्या शब्दाला जागतो," ती म्हणाली. "त्यो काय टँकर हाय व्हय?"

भावाच्या कपाळावर जेमतेम थेंब पडले. उरलेलं पाणी आईनं आम्हा तहानलेल्या पोरांना घोटघोट पाजलं.

माझा स्वतःचा बाप्तिस्मा मला आठवत नाही. मी ख्रिस्ती कधी झाले विचाराल, तर तो घोट आठवतो.