च

अर्धांगवायूनंतर बाबांना फार वेळ न हलता पडवत नाही. मागच्या खेपेला ते हलले आणि मेंदूचा एमआरआय वाया गेला. आज मशीनवरच्या ताई म्हणाल्या, "काका, लवकर आटपू. मेंदूतलं पाणी कुठं सरकतं ते मोजक्याच दिशांनी मोजायचं. उरलेल्या दिशा गणित भरून काढतं."

मला पटेना. "न मोजलेलं भरायचं म्हणजे अंदाजपंचेच की!"

"शितावरून भाताची परीक्षा हो," त्या हसल्या. "फक्त भात ओळखीचा हवा."

चित्र स्वच्छ आलं. मी मनोमन हात जोडले.

घरी खुर्चीत टेकताच बाबा म्हणाले, "च…" हल्ली शब्दाचं पहिलं अक्षरच तेवढं बाहेर पडतं. मी चहाचं आधण ठेवायला धावलो. आईनं मात्र खिडकीतलं ऊन पाहिलं, न उघडलेला पेपर पाहिला आणि त्यांच्या नाकावर चष्मा चढवला. बाबांचा चेहरा खुलला.

मी गॅस बंद केला नाही. सकाळपासून आईनं घोटभरही चहा घेतला नव्हता. तिनं तर एक अक्षरही उच्चारलं नव्हतं.