शेपूवालीचा डबा

मस्तगडला आमच्या दारी रोज एक भाजीवाली यायची. नाव मी कधी विचारलं नाही. बाळ अशक्त, म्हणून डॉक्टरांनी काही दिवस अंगावरच्या दुधाला पावडरच्या दुधाची जोड द्यायला सांगितली होती. त्या पावडरच्या घट्ट झाकणाच्या डब्यावर हिचा डोळा. रिकामा झाला की तिला तो हळद ठेवायला हवा होता. रोज डबा हलवून बघायची आणि दूध वाढतं म्हणून शेपूची जुडी माझ्यापुढं टाकायची. मीही धास्तीनं खायची.

पुढं बाळ माझ्याच दुधावर राहू लागलं. सासूबाईंना ते पुरतंय हे पटेना, मलाही. हिनं मात्र डबा हलवला आणि सुस्कारा सोडला.

"पावडर कमीच होऊन न्हाई राह्यली. तुमचं दूध बराबर पुरून राह्यलंय, ताई. माझ्याच शेपूनं माझा डबा घालवला."

दुसऱ्या दिवशी तिनं शेपू आणलाच नाही. दूध आटतं म्हणून बाळंतिणीला वर्ज्य मानलेली वांगी तेवढी पुढं केली.