रेषा न सरकवणारा माणूस

"पाण्याले इचारलं काय?"

नदीकाठी प्लॉट घेतला असं कुणी सांगितलं की आमचे सर्वेअर एवढंच विचारायचे. पेढ्याचा पुडा पुढं करणाऱ्याचा हात तिथंच थांबायचा. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. चारचौघांच्या आनंदात माती कालवणारा. आम्ही त्यांना मागून 'चक्रम' म्हणायचो.

वणा नदीच्या काठचं आमचं लहानसं गाव. नाव सांगत नाही. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी तिथल्या कचेरीत टायपिस्ट होतो आणि ते मोजणीला. वडनेरकडच्या एका खेड्यातले, बौद्ध घरातले. त्यांच्या घराण्यात मॅट्रिक झालेले ते पहिले. अक्षर असं की त्यांचा कागद टाइप करताना हात थबकायचा.

नियम सगळ्यांनाच पाठ होता. नदीकाठची शेतजमीन घरांसाठी द्यायची तर आधी नकाशावर पुराची रेषा दाखवा. रेषेच्या आत घर नको, नाल्यात भराव नको, काठावरची झाडं तोडायची नाहीत. बाकीचे ही रेषा टेबलावर पट्टी ठेवून काढायचे. हे मात्र काठानं पायी फिरायचे. बाभळीच्या फांदीत पुरानं अडकवलेला वाळक्या गवताचा झुपका दिसला की जमिनीपासून तिथवर पट्टी लावायचे. भाजी निंदणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ बसायचे. "माय, तुयी झोपडी गेल्ती तवा पाणी कुठवर आल्तं?" म्हातारी गुडघा दाखवी, कंबर दाखवी. ते लिहून घेत.

मग नदीच्या वळणावरची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, जमीन एका पुढाऱ्याच्या मेव्हण्यानं घेतली. लेआउट पडला. सर्वेअरनी रेषा काढली तर अर्धेअधिक प्लॉट आत. साहेबांनी त्यांना बोलावलं. मी तिथंच टाइप करत होतो.

"रेषा जरा खाली सरकवा," साहेब म्हणाले.

"सरकवतो साहेब. पाणी तुमी सरकवा."

साहेब हसले नाहीत. सर्वेअरनी आक्षेपाची टिपणी लिहून दिली. ती मीच टाइप केली, दोन पानं. महिन्याभरात त्यांची बदली हिंगणीकडं झाली. नवा नकाशा आला, त्यात रेषा नदीला चिकटलेली. जुना नकाशा गेला, टिपणीही फायलीतून नाहीशी झाली. कुणी काढली ते मला माहीत होतं, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही.

प्लॉट कुणी घेतले? गिरणीतले कामगार, चपराशी, शाळामास्तर. सुटीच्या दिवशी सर्वेअर एस.टी.नं यायचे आणि त्या लोकांच्या दारोदार फिरायचे. "नका घेऊ बाप्पा, थे नदीचं अंगण हाय." लोक चिडायचे. एकानं तोंडावर सांगितलं, "आमचं घर होऊन राह्यलं तं तुमच्या पोटात काऊन दुखते?" ते खाली मान घालून पुढच्या दारी गेले. काठावरचे करंज तोडले, नाला मुरमानं बुजवला, घरं उभी राहिली. कचेरीतल्या आम्हा सगळ्यांना वास्तुशांतीचं जेवण होतं. मी जेवलो.

पुढं काही वर्षांनी पाणी आलं. तान्हा पोळा होता. मुलं सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघर निघाली होती. दुपारी नदी आपल्या जुन्या जागेत शिरली. बुजवलेल्या नाल्याचं पाणी मागून आलं. गिरणीतला एक कामगार आंधळ्या आईला आणायला घरात परत गेला. दोघांचेही देह दुसऱ्या दिवशी सापडले.

तिसऱ्या दिवशी सर्वेअर आले. मला वाटलं, आता ऐकवतील.  ते धोतराचा काचा मारून चिखलात उतरले आणि संध्याकाळपर्यंत बायकांबरोबर घरांतून गाळ उपसत राहिले.

मग चौकशी बसली. दोष कुणाचा ठरावा? रेषा सरकवणाऱ्या साहेबांना तोवर बढती मिळाली होती. कागदावर पहिल्या मोजणीला नाव एकाचंच होतं. 'मूळ सर्वेक्षणात पूररेषेकडे दुर्लक्ष.' ज्या माणसानं त्या रेषेपायी बदली सोसली, त्याच्यावर हा ठपका! सर्वेअर निलंबित झाले.

मला साक्षीला बोलावलं. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "यांनी लेखी आक्षेप घेतला होता, असं ते म्हणतात. तुम्ही टाइप केला होता का?"

सर्वेअर समोर बसले होते. साहेबही होते.

"आठवत नाही," मी म्हणालो.

बाहेर व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाबू, तुमचे लेकरं लहान हायेत. जाऊ द्या." आणि एस.टी. स्टँडकडं चालू लागले.

चौकशी रेंगाळली. निलंबनातच, गावी, ते वारले. त्यानंतर कचेरीतून एक पत्र निघालं. तेही माझ्याच यंत्रावर. 'संबंधित कर्मचारी मयत झाल्याने चौकशी बंद करण्यात येत आहे.' निर्दोष हा शब्द कुठंच नव्हता. तो घालण्याचा अधिकार टायपिस्टला नसतो, अशी मी माझी समजूत घातली. पत्र मात्र टपालात टाकवेना. स्वतः घेऊन गेलो.

त्यांच्या पत्नी अंगणात तूर पाखडत होत्या. मी पत्र वाचून दाखवलं. सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यायची चूक नव्हती, असंच लिवलं हाय नं?"

"तसं लिहिलेलं नाही, वहिनी. पण चूक नव्हती. त्यांनी लेखी दिलं होतं. मीच टाइप केलं होतं."



"मंग तुमी तवा काऊन नाई बोलले?"

 त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.