आबांच्या गारेतलं झाड

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं. ते ठरवणार होते माझे आजोबा, म्हणजे आबा. वडिलांना विचारून उपयोग नव्हता. ते आबांच्या तोंडाकडे बघायचे. आबांचा मुलींच्या शिकण्याला विरोध नव्हता, अंथुर्ण्याहून बारामतीच्या कॉलेजात मी त्यांच्याच जोरावर जात होते. पण वनस्पतिशास्त्र काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. "झाडं काय पुण्यातच हायेत व्हय? हितं बांधावर बसून शीक की," असं म्हणून ते मला हैराण करायचे. शिवाय परीक्षा झाली की बघायला येणारं एक स्थळ तयारच होतं.

मी हार मानणाऱ्यातली नव्हते. एका बाजाराच्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या बाईंची परवानगी काढून आबांना थेट प्रयोगशाळेत नेलं. आमच्याकडे स्कॉटलंडमधल्या एका दगडाचा पातळ काप चिकटवलेली काचपट्टी होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं गरम पाण्याचे झरे होते. गार, म्हणजे गारगोटी, ज्या द्रव्याची बनते, तेच त्या पाण्यात विरघळलेलं होतं. ते डबक्यातल्या शेवाळावर आणि काठच्या पहिल्यावहिल्या झाडांवर पसरलं आणि कुजायच्या आत सगळं जसंच्या तसं दगडात बंद झालं. पान नाही, फूल नाही, धड मूळही नाही. नुसत्या काड्या, वर दोन फाटे फुटलेल्या. त्या काड्यांचं मला वेड लागलं होतं.

आबांनी पटका मागं सारून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "ह्यो दगड हाय?"

"दगडातलं झाड हाय, आबा."

त्यांनी कमरेची चंची सोडली आणि चकमकीची गार टेबलावर ठेवली. मेंढरांमागं हिंडायच्या दिवसांत माळावर सापडलेली. खिशात काडेपेटी असली तरी आबा बिडी त्या गारेवरच पेटवायचे. उजेडात धरली की आत हिरवंकाळं शेवाळ तरंगताना दिसायचं.

"मग हिच्यात बी झाडच हाय," आबा म्हणाले. "हिच्यातलं झाड मला दाव, आन खुशाल जा पुण्याला."

बाई म्हणाल्या, "असे दगड फसवतात हं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवाळ मला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं!

फरशी कापणाऱ्याकडून गारेची पातळ चकती काढून घेतली आणि काचपट्टीवर चिकटवली. माळेगावच्या ट्रॅक्टर गॅरेजातून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली आणि काचेच्या तुकड्यावर चकती गोल गोल घासत बसले. खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं तिच्यातून वाचता येईपर्यंत घासायची. बोटांची सालटी निघाली. तिकडे आबांनी पारावर सांगूनही टाकलं होतं की आमच्या गारेत झाड आहे. एका शेजारणीनं तर उरलेल्या तुकड्याला हळदकुंकू वाहिलं.

शेवटी पाहिलं. स्कॉटलंडच्या काड्यांत मधाच्या पोळ्यासारखे पेशींचे खण स्पष्ट होते. आमच्या गारेत एकही खण नव्हता. आपला सगळा मुलूख लाव्हाचा. त्यातल्या पोकळीत गार तयार होताना खनिजं शेवाळासारखी पसरली होती, एवढंच. मला रडू कोसळलं. आबांना "व्हय" म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता आणि पुणं पक्कं झालं असतं. पण नसलेलं झाड आहे म्हणायचं असेल तर पुण्याला जाऊन तरी काय शिकणार होते मी?

घरी गेले आणि अंगणातच सांगून टाकलं. "आबा, झाड न्हाय त्यात."

 दुसऱ्या दिवशी आबा माझ्याबरोबर एसटीत बसले आणि प्रयोगशाळेत आले. आधी स्कॉटलंडची पट्टी पाहिली, मग आपली, मग परत स्कॉटलंडची.

"त्यात खण हायेत," ते म्हणाले. "ह्यात न्हायत."

"व्हय."

झालं, संपलं, असं मला वाटलं. बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे चहाचे कप डोळ्यांपुढं दिसायला लागले. आबांनी पटका नीट केला.

"तुमची दुर्बीण बारकी हाय. पुण्याला मोठी आसंल. तितं जा आन नीट बघ."

त्या जूनमध्ये मी पुण्याला गेले. जाताना ती चकती बरोबर नेली आणि तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या बाजूंनी तपासली. दिवाळीला घरी आले तेव्हा आबा ओट्यावर बिडी ओढत बसले होते. मी म्हटलं, "आबा, मोठ्या दुर्बिणीत बी झाड न्हाय दिसलं."

आबांनी माझ्याकडे न बघता धूर सोडला.

"मग आजून शीक."