तळहातावरचा घोयरा

आंबा हातात घेतला की मी त्याचं वजन सांगतो. दोनशे वीस, दोनशे साठ, तीनशेला जरा कमी. पेट्या भरायच्या दिवसांत आमच्या पडवीत मी भिंतीला टेकून बसतो, एकेक फळ तळहातावर झेलतो आणि आकड्याप्रमाणे वेगळ्या राशीत टाकतो. रत्नागिरीत असे हात पुष्कळ आहेत, पण माझा त्यातला जरा बरा, असं माझं मत होतं. बायको कोकम आगळ आणि आंबापोळी करून विकते, तिच्याकडे इलेक्ट्रिक काटा आहे. त्या काट्याकडे मी वर्षानुवर्षं पोटभाड्यानं राहणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत आलो.

नवरात्राच्या आसपास बागेची बेणणी करतात, म्हणजे पावसात माजलेलं रान काढतात. त्या वर्षी गडी गावी गेला होता आणि ग्रासकटर काय, कोणीही चालवेल, असं मी घरात जाहीर केलं होतं. दुसऱ्या कलमाखाली करवंदीच्या जाळीत पातं घुसलं आणि पालापाचोळ्याबरोबर एक घोयरा बाहेर आला. घोयरा म्हणजे आमच्याकडचा रंग बदलणारा सरडा: शेपटी जिलबीसारखी गुंडाळलेली, डोळे दोन दिशांना, चाल अशी की पाऊल टाकू की नको यावर सभा भरली आहे. त्याच्या पुढच्या एका पायाची बोटं अर्धी कापली गेली होती.

घोयरा थुंकला तर अंगावर कोड येतं, असं गावात म्हणतात. शेजारी बांधावरून ओरडला, "टाक तो! टाक लांब!" मी टाकला नाही. धैर्यानं नव्हे. त्यानं उरलेल्या तीन पायांनी माझं बोट असं धरलं होतं की टाकणं शक्यच नव्हतं.

वनखात्यातल्या माणसाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाळणार नाही ना?"

"छे हो."

"नाही, पाळायला बंदी आहे म्हणून विचारतो. गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. बरा झाला की त्याच जाळीत सोडा. मधे मधे मला सांगत राहा."

गुरांचा डॉक्टर तरुण आहे, मला काका म्हणतो. त्यानं जखम धुतली, पावडर लावली आणि म्हणाला, "पाय भरून येईल. बोटं येणार नाहीत, पण तीन पायांवर निभावेल. खायला मात्र घाला. वजन किती आहे?"

त्याच्याकडचा काटा वासरांचा होता. मी घोयरा तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणालो, "पंचेचाळीस ग्रॅम."

"एवढं नक्की?"

"आंबेवाला आहे मी."

डॉक्टरनं कागदावर पंचेचाळीस लिहिलं. इथून पुढे जे झालं ते त्या कागदामुळे झालं.

घरी आंब्याचा एक क्रेट उपडा केला, त्याला जाळी लावली, आत जास्वंदीची फांदी ठेवली, तळाला वर्तमानपत्र घातलं. जेवणाला बशीत सोडे वाढले. कोकणातल्या घरी आलेल्याला सुकी कोलंबी आवडणार नाही, ही शक्यता माझ्या मनात आली नाही. घोयऱ्यानं एक डोळा बशीवर ठेवला, एक माझ्यावर, आणि दिवसभर तसाच बसला. बायको म्हणाली, "कालवण करून वाढू का त्याला?" संध्याकाळी एक माशी उडत आत गेली. वीतभर जीभ सुटली, माशी गेली. तेव्हा कळलं की जे हलतं तेच त्याला जेवण. पाण्याचंही तसंच. वाटीभर पाण्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. फांदीवर शिंपडलं तेव्हा पानावरून ओघळणारे थेंब चाटले.

मग मी रोज सकाळी मच्छरदाणीचा तुकडा घेऊन कातळावर नाकतोडे पकडायला जाऊ लागलो. छप्पन्न वर्षांचा, सुटलेल्या पोटाचा माणूस गवतात उड्या मारतो हे दृश्य रस्त्यावरून दिसतं. एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून विचारलं, "भाऊ, काय हरवलंय?" मी म्हटलं, "काही नाही, व्यायाम." दिवसाला वीस-पंचवीस नाकतोडे मिळत. घोयरा सगळे खाई.

तीन आठवड्यांत पायाची जखम सुकली आणि पोट दिसायला लागलं. मग पोट चांगलंच दिसायला लागलं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पडवीत बोलावून दाखवी. "हाडकं होती, हाडकं. आता बघा." रोज सकाळी तळहातावर घेऊन आकडा सांगे: साठ, सत्तर, पंच्याऐंशी. बायकोच्या काट्यावर ठेवून खात्री करावी असं मला वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी तिनं ठेवू दिलं नसतं. "माझ्या आंबापोळीच्या काट्यावर तुमचा सरडा नको," हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

नव्वद झाल्यावर मी डॉक्टरला फोन केला. कौतुकाच्या अपेक्षेनं.

"दुप्पट?" तो म्हणाला. कागद चाळल्याचा आवाज आला. "काका, पंचेचाळीसचे नव्वद? महिन्याभरात? अहो, लठ्ठ केलात त्याला. बाहेर सोडलं तर फांदीवर तोल राहायचा नाही. आवरा. दिवसाआड पाच-सहा नाकतोडे, बस."

मला त्याच सुमाराला साखरेमुळे माझ्या डॉक्टरनं पथ्य दिलं होतं. ते मी पाळत नव्हतो. घोयऱ्याचं मात्र कडक पाळलं. सहावा नाकतोडा गेला की जाळी बंद. बायको म्हणाली, "स्वतःला जमत नाही ते त्या मुक्या जिवाला लावलंत."

आठवडा गेला. पोट काही उतरेना. उलट घोयरा खायचाच थांबला. समोर नाकतोडा नाचवला तरी तोंड फिरवी. फांदीवरून उतरून क्रेटच्या तळाशी फिरायचा, कोपऱ्यात जाऊन वर्तमानपत्र पायांनी खरवडायचा, अंगाचा रंग काळपट आणि त्यावर पिवळे ठिपके. मी निदान केलं: रुसवा. उपोषणाला बसलाय. तळहातावर घेतला तर नव्वदच. म्हणजे काळजीचं कारण नाही.

बायको क्रेटजवळ खाली बसली. बराच वेळ बघत राहिली. मग उठून आत गेली आणि काटा घेऊन आली. वर स्टीलचा डबा ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि म्हणाली, "ठेवा त्याला."

"तुझ्या काट्यावर?"

"ठेवा म्हणते ना."

अठ्ठावन्न.

मी काटा पुसून पुन्हा ठेवायला सांगितला. पुन्हा अठ्ठावन्न. माझ्या हाताला दोनशेच्या खालचं फळ माहीतच नाही, ते पेटीत जातच नाही. शिवाय आंबा हात धरत नाही. जे आपला हात धरून बसतं ते आहे त्यापेक्षा जड लागतं, हे मला त्या दिवशी उमगलं. पण उमगून घोयऱ्याचा काही फायदा नव्हता.

"आणि हे बघा," बायको म्हणाली. "पाठीचा कणा वर आलाय. डोक्यावर खळगे पडलेत. हा खाऊन सुटलेला जीव नाही. पोट तेवढं पुढं आहे. दोन बाळंतपणं झालीत माझी, मला कळतं. तो नाही, ती आहे ती."

डॉक्टरला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पिंजऱ्यात माती आहे?"

"वर्तमानपत्र आहे."

"काका, तिला अंडी घालायची आहेत. खणायला जागा नाही म्हणून ती थांबलीय. अंडी आत अडली तर वाचणार नाही. आत्ताच्या आत्ता माती द्या. वीतभर तरी खोल, ओलसर, चिखल नको."

आमची बाग जांभ्याच्या कातळावर आहे. एकेका कलमासाठी सुरुंग लावून खड्डा केला आणि बाहेरून माती आणून भरली. मी धावत कलमांच्या रोपांच्या पिशव्या फोडायला निघालो. "त्यात खत घातलंयत तुम्ही," बायको मागून ओरडली. शेवटी विहिरीजवळच्या पोफळीच्या आळ्यातली माती उकरली. भरायला मोठं भांडं म्हणजे कोकमं भिजवायचा तिचा टब. तिनं तो स्वतःच रिकामा करून पुढे केला. तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

टबावर जाळी, आत घोयरी. मी दर दहा मिनिटांनी डोकावत होतो. प्रत्येक वेळी ती खरवडणं थांबवून एक डोळा माझ्याकडे वळवी. तिसऱ्या खेपेला बायकोनं मला दंडाला धरून पडवीतून बाहेर काढलं. "बाळंतिणीच्या खोलीत काय काम तुमचं? जा, बागेत जा." बागेत मला काही काम नव्हतं. बेणणी अर्धीच राहिली होती, पण ग्रासकटर हातात घ्यायची इच्छा होईना. नुसता बसून राहिलो. तो दिवस गेला. दुसरी सकाळही गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला बायकोनं हाक मारली. टबाच्या मधोमध माती थापल्यासारखी दिसत होती आणि घोयरी वर, जास्वंदीच्या फांदीवर, नाकापासून शेपटीपर्यंत मातीनं माखलेली. पोटाच्या जागी रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतलेली कातडी. बायकोनं डबा काट्यावर ठेवला.

"आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली.

मी तळहातावर घेतली. "साठ," असं ओठांवर आलं होतं. "माहीत नाही," म्हणालो.

चौतीस.

पथ्य उठलं. मी पुन्हा कातळावर उड्या मारू लागलो, या वेळी दिवसाला तीस नाकतोड्यांसाठी. रोज सकाळी काटा, रोज वहीत आकडा, अक्षर बायकोचं. वनखात्याचा माणूस येऊन टब बघून गेला. "अंडी हलवू नका, उलटी झाली तर मरतात. सावलीत असू दे आहे तसं." टब मागच्या पडवीत आहे. त्याला हात लावायची मला मनाई आहे.

बावन्न झाली तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता सोडा. त्याच करवंदीच्या जाळीपाशी नेली. तीन पायांची पकड आणि एक थोटका, असं करत ती फांदीवर चढली आणि थांबली. एक डोळा पुढच्या फांदीवर होता, दुसरा माझ्यावर. त्या डोळ्यात कृतज्ञता वगैरे शोधून पाहिली, सापडली नाही. मी हलतोय का, एवढंच बहुधा ती बघत होती. मी हललो नाही.