साळवे सर आणि कंट्रोलची चाळ

आमच्या गावात घरांना दारं नाहीत. चौकट असते, फार तर पडदा असतो. शनिदेवाच्या भरवशावर सगळं उघडं. अशा गावात साळवे सर दार वाजवायचे. रिकाम्या चौकटीच्या लाकडावर तीनदा टकटक करायचे आणि "आत येऊ का?" म्हणून उभे राहायचे. मी समोर बाजेवर बसलेला त्यांना दिसतोय, तरी उभेच. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "अहो, दारच न्हाई तर वाजवताय काय?"

"दार नाही म्हणूनच विचारायला हवं," ते म्हणाले.

मला माणूस ओळखता येतो, अशी माझी समजूत होती. भाविकांच्या गाड्यांमागं पळत तेलाच्या बाटल्या विकण्यापासून मी सुरुवात केली. त्यातून दुकान उभं केलं, जमीन घेऊन कांदा लावला, आणि गाव मला 'शेठ' म्हणायला लागलं. गाडीची काच खाली येईपर्यंत गिऱ्हाईक किती घासाघीस करणार हे मला कळतं. साळवे सर मात्र मला शेवटपर्यंत कळले नाहीत.

ते विद्यापीठात प्राध्यापक होते. साठवलेला कांदा शेतातल्या कांदाचाळीत का सडतो, यावर त्यांचा प्रकल्प होता. पाच वर्षं कागद पाठवल्यावर त्याला दिल्लीहून तीन वर्षांचा निधी मिळालेला. बारा शेतकरी घ्यायचे. सहा जणांना सुधारित चाळ बांधून द्यायची, सहा जणांनी आपल्या जुन्याच चाळीत कांदा ठेवायचा, आणि दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडचा सडका माल मोजायचा. कोण कुठं, हे ठरवायला सरांनी ग्रामपंचायतीत स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. माझा शेजारी बबन 'सुधारित' निघाला. माझी चिठ्ठी उघडून सर म्हणाले, "सात नंबर. तुम्ही कंट्रोल."

आता, आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. त्या दुकानासाठी मी आठ वर्षं तहसिलीत अर्ज करत होतो. मला वाटलं, विद्यापीठाचं वजन पडलं आणि काम झालं. मी तिथल्या तिथं पेढे मागवले, पहिला सरांना भरवला. ते खात म्हणाले, "इतक्या आनंदानं कंट्रोल स्वीकारणारा शेतकरी मी पहिल्यांदाच बघतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चौकटीसमोर साठ-सत्तर बायका पिशव्या आणि रेशनकार्डं घेऊन बसलेल्या. एक म्हातारी म्हणाली, "शेठ, साखर आली व्हय?"

नेमके तेव्हाच सर आले. चौकट वाजवली, परवानगी घेतली आणि सगळ्यांसमोर शांतपणे समजावून सांगितलं, "कंट्रोल म्हणजे ज्याच्यात काहीही सुधारणा करायची नाही, तो."

त्या हशाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या दिवसापासून गाव मला शेठ म्हणायचं बंद झालं. "कंट्रोल, निघाला कुठं?" "कंट्रोल, च्या घेनार का?" दोघांच्या कॉलरी मी धरल्या, तरी नाव काही सुटलं नाही. हा राग माझ्या मनात होता, आणि तो मी लपवलाही नाही.

"सर, मला सुधारितमधी घ्या," मी म्हणालो. "बबनला काढा. त्याला न्हाईतरी काय कळतंय?"

"चिठ्ठी निघाली ती निघाली."

"मंग परत काढा."

"परत काढली की ती चिठ्ठी राहत नाही, वशिला होतो."

"निम्मी चाळ तरी सुधारा."

"निम्मा माणूस कंट्रोल कसा असेल?" ते हसले. "तुम्ही काही बदलू नका. आहात तसेच मला हवे आहात."

माझी बायको मंदा चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "सर, आठ दिस यांच्यासंगं ऱ्हाऊन बघा, मंग म्हना."

पहिलं वर्ष ठरल्याप्रमाणे गेलं. सर पोत्यावर मांडी घालून बसायचे, एकेक कांदा हुंगायचे, ताणकाट्यावर वजन करायचे. एकदा आमच्या शेळीनं मोजलेल्यातले दोन कांदे खाल्ले. सरांनी वहीत लिहिलं, 'दोन कांदे : शेळी.' मी म्हणालो, "सडक्यात धरा की." तर म्हणाले, "आकडा येईल तसा लिहायचा. आवडेल तसा मजकूर घालायला ती काय लग्नपत्रिका आहे?"

दुसऱ्या वर्षी मला राहवेना. बबन रोज कुंपणाशी उभा राहून नाक धरायचा. "कंट्रोल, वास येतोय रं तुज्याकडून!" शेवटी कांदा भरायच्या आधी सर आठवडाभर दिल्लीला गेले, तेवढ्यात मी चाळीचा तळ विटांवर बांबू टाकून दीड फूट उचलला आणि मागच्या बाजूनं वाऱ्याला जाळी ठेवली. पुढचा कूड तसाच ठेवला, त्यामुळे पुढून पाहिलं तर जुनीच चाळ.

माझा माल सडायचा थांबला. सरांनी मोजलं, चष्मा पुसून परत मोजलं. "तुम्ही काही बदललंत का?"

"न्हाई. शनीच्या गावात खोटं बोलीन व्हय?"

"मागच्या बाजूनं बघू का?"

"मागं न्हाणी हाय. बायामानसं असत्यात."

दुसरा कुणीही डोकावला असता. सरांनी पुन्हा कधी विचारलंसुद्धा नाही. माझं 'न्हाई' त्यांनी वहीत नीट अक्षरात लिहून घेतलं.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या जीपचा ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेठ, दिल्लीची कमिटी येतीय. दोनी गटात फरकच दिसंना. तिसऱ्या वर्षाचा निधी गेला म्हना. सर जेवत न्हाईत."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण बोललेला शब्द मागं घ्यायची मला सवय नाही. म्हणून मी पोतं घेऊन गावभर सडका कांदा गोळा करायला निघालो. लोक म्हणायचे, "चांगला घ्या की!" मी म्हणायचो, "न्हाई, सडका दाखव. ह्यो काय नीट सडला न्हाई." माल चांगला आहे म्हणून भाव पाडायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली. दुपारपर्यंत गावाला सुगावा लागला आणि लोक सडक्याचा भाव वाढवून अडून बसले. तरी मी सहा पोती जमवली आणि चाळीत पसरली.

कमिटीचे तीन साहेब नाकाला रुमाल लावून आले आणि खूश झाले. मोठे साहेब म्हणाले, "एक्सलंट!" सडक्या ढिगाबरोबर माझा फोटो निघाला. सरांनी मात्र एक कांदा उचलला आणि हातात फिरवला.

"हा लाल कांदा आहे. परवा-तेरवा उपटलेला. एप्रिलमध्ये भरलेल्या चाळीत कसा आला?"

मी हळूच त्यांच्या पायावर पाय दिला.

"तुमचा पाय माझ्या पायावर आहे," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मग माझं डोकं फिरलं. सगळ्यांना ओढत चाळीच्या मागं नेलं, जाळी दाखवली, उचललेला तळ दाखवला आणि ओरडलो, "तुमच्यासाठीच सडका आनला व्हता! गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

सर जाळीशी वाकले. वारा हाताला लागतो का पाहिलं. "छान बांधली आहे," म्हणाले, आणि कमिटीकडं वळून, "सात नंबर वगळा."

पाच शेतकऱ्यांवर पुरावा पुरा पडेना. तिसऱ्या वर्षाचा निधी आला नाही. माझ्यामुळे गेला हे मला कळत होतं, म्हणून मी वर्षभर सरांवरच रागावून राहिलो.

मग एक दिवस चौकट वाजली. सरांनी छापील अहवाल आणला होता. त्यात एक ओळ होती : 'शेतकरी क्र. ७ याने स्वतःहून सुधारणा केल्यामुळे त्यास कंट्रोलमधून वगळण्यात आले.' मी ती चारदा वाचली.

"नाव घाला की माजं."

"गुप्त ठेवायचं, असं संमतीपत्रात आहे."

"दुसरं संमतीपत्र देतो."

"छापून झालंय."

"पेनानं लिवा."

अर्धा तास घासाघीस झाली. सरांशी जिंकलेला माझा हा एकमेव सौदा. त्यांनी माझ्या प्रतीवर पेनानं माझं पूर्ण नाव लिहिलं. पुढे कंस करून लिहिलं, 'विनंतीवरून'.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडायच्या दिवशी मी कांद्याची गोणी घेऊन गेलो. टेम्पोत सामान भरलेलं, घराचं दार सताड उघडं. आत सर पाठमोरे वह्या बांधत होते. मी गोणी खाली ठेवली आणि उघड्या दारावर तीनदा टकटक केली.

"कोण?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

त्या शब्दासाठी मी माणसांच्या कॉलरी धरल्या आहेत. "कंट्रोल," मी म्हणालो.

वह्यांवरचे हात थांबले. "मग काही बदलू नका," सर म्हणाले. "आहात तसे आत या."