कंग्राळीचा आकडा

मानमोडीच्या साथीत कंग्राळीत किती माणसं गेली, हे मोजायला बेळगावच्या कचेरीनं मला पाठवलं होतं. नवा कोट घालून मी दारोदार रुबाबात चौकशी करत होतो. एका दारात मोकळ्या कपाळाची बाई उभी होती. "घरातले किती गेले?" असं तिला विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत तिच्याच उंबऱ्यावर कोसळलो.

शुद्धीवर आलो तेव्हा ती पदरानं वारा घालत होती.

"अण्णा, तुमी गेलासा तर कुठल्या गावात धरत्यात? तुमच्या का आमच्या?"

तापातही माझी कारकुनी जागी होती. "जिथं मरण, तिथं नोंद, आक्का."

"मग हितं मरायचं न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "आमच्या गावाचं लई झालंय. पेज प्या."

मी वाटी सारली की ती हेच म्हणायची. मग मरायची मलाच लाज वाटू लागली.

बरा होऊन निघताना पाहिलं, घरात तिच्याशिवाय कुणीच नव्हतं. माझा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही.

पुढं नोकरीत पुष्कळ आकडे मांडले. पण एखादा आकडा वाढू नये म्हणून मी केलेलं काम एवढंच, की ती पेज मुकाट्यानं प्यालो.